विठ्ठलरावाची गार पेटी

कापसाच्या बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाच्या कपड्यांतून रुईचे पुंजके कधी संपत नाहीत. सदरा कितीही झटका, संध्याकाळी खिशात एखादा सापडतोच. आमच्या किस्स्यांचंही तसंच आहे. सांगून संपले म्हणावं, तर बोलता बोलता कुठूनतरी आणखी एक निघतो. आता या किस्स्यांमध्ये कोण हुशार ठरतो आणि कोण गाढव, ते मात्र सांगणाऱ्यावर असतं. म्हणून आज मीच सांगतो!

आमचा अड्डा म्हणजे मलकापूरच्या कापूसबाजाराच्या फाटकाजवळचा निंब. हिवाळाभर त्याच्याखाली टेकायला फुरसत नसे. चैत्र लागला, गाड्या तुरळक झाल्या, की दलालांची तोंडं मोकळी. रोजचे आम्ही तिघं. मी आणि विठ्ठलराव दलाल, एकाच वर्षी धंद्यात आलेलो. तिसरे हसनचाचा, बाजाराचे मापारी. वयानं आमच्यापेक्षा मोठे, आणि जिभेनं त्याहून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला पकडायला नको. या सगळ्या काळात मी विठ्ठलरावावर जळत होतो. त्याच्या धंद्यावर नाही, शेतावर नाही. एका लाकडी पेटीवर!

*

गावातल्या एका जीनप्रेसचा, म्हणजे कापसाच्या कारखान्याचा, गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला. त्याच्या बंगल्यातल्या सामानाची हराशी झाली. मी गेलो होतो आरामखुर्ची घ्यायला. विठ्ठलराव माझ्याबरोबर आला होता, नुसती गंमत बघायला.

खुर्ची दुसऱ्यानंच नेली. आणि विठ्ठलरावानं, कुणीच बोली लावेना म्हणून, एक पेटी घेतली. पेटी म्हणजे केवढी? आत माणूस उभा राहील एवढी. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, चौथ्या बाजूला मोठं चौकोनी तोंड, आणि बाहेर निघालेला एक लोखंडी दांडा.

बैलगाडीवर पेटी आडवी टाकली, वरून चादर बांधली, आणि गाडीमागून आम्ही दोघं उन्हात चालत निघालो. पेठेतले दुकानदार उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि विठ्ठलरावाला विचारलं, "कोन गेलं हो?"

"कोनी नाई गेलं आजोबा. हवेची मशीन हाय."

म्हाताऱ्यानं रागानं पागोटं परत चढवलं आणि माझ्याकडं बोट केलं. "मंग हा काऊन रडून राह्यला?"

मी रडत नव्हतो. घाम होता. खुर्ची गेल्याचं थोडं वाईट वाटलं होतं, एवढंच.

फाटकाशी चाचा उभे होते. त्यांनी पेटीला फेरी मारली. "विठ्ठलराव, कोंबड्या किती मावतात याच्यात?"

"चाचा, याच्यात कोंबड्या नाई मावत. आख्खं घर मावते!"

आम्ही पोट धरून हसलो. त्या पेटीवरून मी आणि विठ्ठलराव एकत्र हसलो ते त्या दिवशी शेवटचं.

*

कापूस ओला की कोरडा, हे आम्ही दलाल मूठभर कापूस गालाला लावून ओळखतो. मग त्यातली सरकी काढून दाताखाली धरायची. कट्‌कन फुटली तर कोरडा, नुसती चेपली तर ओला. ही सवय इतकी अंगात मुरते की आमच्यातला एकजण पोरीसाठी स्थळ बघायला गेला आणि त्यानं नवऱ्या मुलाचं उपरणंच गालाला लावलं!

तर पेटी पश्चिमेच्या खिडकीबाहेर, तोंड आत करून बसली, आणि आठवड्याभरानं विठ्ठलरावानं सगळ्या बाजाराला बघायला बोलावलं. वरच्या पन्हळीत पाणी भरलं. पन्हळीच्या बुडाला बारीक भोकं, त्यातून पाणी ताट्यांवर झिरपत राहायचं. आत पंखांचं मोठं चाक. गणपत नावाचा त्याचा गडी बाहेरून दांडा फिरवू लागला. चाक बाहेरची झळ ओढायचं, झळ ओल्या वाळ्यातून गाळून यायची, आणि पेटीच्या तोंडातून घरात शिरायची ती गार, ओलसर, वासाची हवा.

आम्ही दहा-बारा दलाल. एकेक जण पुढं झाला आणि पेटीच्या तोंडाला गाल लावून उभा राहिला!

विठ्ठलराव मास्तरासारखा समजावत होता, "खोल्यायची सारी दारं अर्धी उघडी ठेवाची. मंग हवा देवघरात जाते, सैपाकघरात जाते, माजघरात जाते. एक खोली नाई बे, आख्खं घर! सागवानी दार दर उन्हायात तडकत होतं, आता पाह्य, एक चीर नाई. व्हट फुटत नाई, घसा सुकत नाई. चाचा, तुमचा खोकला?"

चाचांना कोरड्या हवेत खोकल्याची उबळ यायची. ते पेटीपुढं बसले होते आणि पाव तास झाला तरी खोकले नव्हते. त्यांच्या ते तेव्हाच लक्षात आलं. "या अल्ला," ते म्हणाले, "मी तर इथंच राहतो आता."

मी सर्वांत शेवटी गाल लावला. आणि मनात म्हणालो, हा हराशीला माझ्याबरोबर गंमत बघायला आला होता!

*

इथवर असतं तर मी सोसलं असतं. पण माझ्या घरात सुमी होती.

सुमी माझी एकुलती पोरगी, आठ वर्षांची. दर वैशाखात तिचा घोळणा फुटायचा. जेवताना, खेळताना, झोपेत, केव्हाही नाकातून रक्त. डोक्यावर पाणी थापून झालं, कांदा हुंगवून झाला, दूर्वांचा रस घालून झाला. वैद्य म्हणाले, "आपली हवा कोरडी. नाक आतून सुकतं आणि फुटतं. पाऊस पडला की थांबेल." पाऊस पडायला दोन महिने! तोवर पोरीचा चेहरा पांढरा व्हायचा, आणि तिची आई तिच्या झग्यावरचे डाग धूत बसायची.

त्या वैशाखात विठ्ठलरावाची बायको गोदाबाई आमच्याकडं आली आणि म्हणाली, "पोरीले दुपारची आमच्याइकडं धाडत जा. मले बी सोबत." त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी नाही म्हणणार होतो, पण माझ्या बायकोनं सुमीला चपला घातल्यासुद्धा.

सुमी पंधरा दिवस गेली. पंधरा दिवसांत घोळणा एकदाही फुटला नाही!

बापाला आनंद व्हायला हवा. झालाही. पण त्या आनंदाच्या आत दुसरंच काहीतरी टोचत होतं. सकाळी न्याहारी झाली की पोरगी पळायची, ती दिवेलागणीला परत. आणि आल्यावर तोंडात सारखं विठूकाका. विठूकाकानं आंबा कापून दिला, विठूकाकानं गोष्ट सांगितली, विठूकाकाच्या घरी फरशीवर झोपलं तरी घाम येत नाही.

एके दिवशी मी म्हणालो, "सुमे, बापाची आठवन येते का नाई तिथं?"

ती विचार करून म्हणाली, "येते ना. तुमी पन या तिथं."

*

हळूहळू अर्ध्या गावच्या बायका उडदाचे पापड लाटायला विठ्ठलरावाकडं जमू लागल्या. कोरड्या हवेत लाटी सुकते, पापडाला कडेनं चिरा पडतात. तिथं पडत नव्हत्या. लाटायचे आत, वाळवायचे गच्चीवर. माझी बायकोही पोळपाट काखेत मारून निघाली.

मी जाहीर केलं, "त्या घरचे पापड मी खानार नाई!"

संध्याकाळी ताटात पापड आला. मी विचारलं, कुठला? ती म्हणाली, आपला. मी खाल्ला. मग आणखी एक. नऊ झाल्यावर ती म्हणाली, "तिथंच लाटले. उद्यापासून करत जा उपास!"

*

या सगळ्याआधीचा, चैत्रातला, एक किस्सा मात्र मी मजेनं सांगतो. त्यात विठ्ठलरावाची फजिती आहे.

रामनवमीचं कीर्तन त्यानं हौसेनं आपल्या घरी ठेवलं. भर दुपारी रामजन्म, बाहेर आग ओकणारं ऊन, आणि आत गारवा. सगळं गाव आलं. पखवाजवाल्यानं थाप मारली, आणि आवाज निघाला भद्द! पखवाजाचं चामडं ओलाव्यानं सैल पडलेलं. बिचारा पखवाज घेऊन बाहेर पळाला, उन्हात धरून आला, चार थापा खणखणीत पडल्या, पाचवी पुन्हा भद्द. पुन्हा बाहेर. बुवा कौसल्येच्या महालात पोचले, तोवर पखवाजवाल्याच्या सहा फेऱ्या झाल्या होत्या.

शेवटी तो घामाघूम होऊन दारातच बसला. "विठ्ठलराव," तो म्हणाला, "रामाले होऊ द्या आत. मी इथूनच वाजवतो!"

मी इतका हसलो की बुवांनी निरूपण थांबवून माझ्याकडं पाहिलं.

*

पुढल्या वर्षी चैत्रात मी ठरवलं, आपण आपली पेटी करायची. सुमीला दुसऱ्याच्या दारी पाठवायची गरज काय? जळगाव जामोदच्या बाजारातून वाळ्याचे भारे आणले. गावातल्या सुताराला विठ्ठलरावाच्या खिडकीबाहेर उभं केलं आणि म्हणालो, नीट पाहून घे. त्यानं चाक केलं, पन्हळ केली, दांडा बसवला. खुद्द विठ्ठलराव म्हणाला, "काही अडलं तर विचार बे." मी म्हणालो, "मले का अडते?"

पेटी सुरू झाली. गार हवा बाहेर जाऊन फुकट जाऊ नये म्हणून मी घरातली प्रत्येक खिडकी बंद केली. फटींत चिंध्या कोंबल्या.

पहिल्या दिवशी मीठ पाझरलं. दुसऱ्या दिवशी काडीपेटी पेटेना. तिसऱ्या दिवशी लोणच्यावर बुरशी आली, गुळाचा पाक झाला, आणि घरात बसलं की अंगाला नुसता चिकटा. गारवा कुठंच नाही!

"हे घर हाय का न्हानी?" बायको म्हणाली.

मी चाचांना दाखवायला आणलं. चाचा दारातूनच आत न येता म्हणाले, "माधोराव, तुमी हवेले आत यायचं दार देल्लं. बाहेर जायचं दार कुठं हाय? जुनी हवा निघंल तवा नवी येईल ना! विठ्ठलरावच्या इथं पल्याडची खिडकी चार बोटं उघडी असते. पाह्यली नाई का?"

सुतारानं पेटी पाहिली होती. खिडकी पाहायची होती ती मी. मी वर्षभर त्या घरात फक्त पेटीकडंच बघत बसलो होतो.

चूक एवढीच होती. खिडकी चार बोटं उघडली असती तर काम झालं असतं. पण तेवढ्यात पन्हळीच्या पाण्यानं माझी मातीची भिंत भिजून पोपडे पडले, सुतारानं चाक कच्च्या लाकडाचं केलेलं, ते फुगून अडकलं, आणि माझं डोकं फिरलं. मी पेटी तोडून सरपण केलं.

सुमी शेजारी उभी राहून बघत होती. शेवटची फळी फुटल्यावर हळूच म्हणाली, "मंग मी विठूकाकाइकडं जाऊ?"

*

त्याच चैत्रातला हा पुढचा किस्सा. मी हा कधी सांगत नाही. आज सांगतो.

एका शेतकऱ्याच्या उशिराच्या कापसाच्या दोन गाड्या विठ्ठलरावाकडं आल्या. त्यानं नमुना काढला, फडक्यात बांधला आणि रात्रीपुरता घरी नेला. दुसऱ्या दिवशी मुंबईचा खरीददार आला. त्यानं फडकं सोडलं, मूठभर कापूस गालाला लावला, सरकी दाताखाली धरली. चेपली!

"पानी मारा है," तो मोठ्यानं म्हणाला.

बाजारात याहून वाईट शब्द नाही. वजन वाढवायला कापसावर पाणी मारणाऱ्याला आम्ही उंबऱ्यावर उभं करत नाही. असला दलाल म्हणून एकदा नाव झालं की त्याच्याकडं पुन्हा गाडी येत नाही. पन्नास माणसं बघत होती. विठ्ठलराव नुसता उभा. त्यानं सरकी स्वतः चावली, त्याच्याही दाताखाली चेपली. त्याला कळतच नव्हतं, कालचा कोरडा कापूस रातोरात ओला झाला कसा!

मला कळलं होतं. सकाळी सुमीला सोडायला गेलो तेव्हा ते फडकं मी पाहिलं होतं. पेटीच्या तोंडासमोरच्या फळीवर ठेवलेलं!

आणि मी गप्प राहिलो.

किती वेळ, ते नका विचारू. पण गप्प राहिलो. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

काट्याजवळून चाचा माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "माधोराव, तोंडात पान हाय का?"

"नाई."

"मंग बोलत काऊन नाई?"

त्यांना काय ठाऊक होतं, देव जाणे. मी पुढं झालो. म्हणालो, "साहेब, नमुना गार पेटीसमोर होता. हा घटकाभर उन्हात टाका, आन् गाडीतला नवा काढून पाहा." नमुना उन्हात पसरला. गाडीतल्या कापसाची सरकी खरीददाराच्या दाताखाली कट्‌कन फुटली. घटकेनं उन्हातल्या नमुन्याचीही फुटली. सौदा झाला.

सगळे पांगल्यावर विठ्ठलराव माझ्याजवळ आला. मला वाटलं, आभार मानेल.

"उशीर केला बे," तो म्हणाला, आणि फडक्याची घडी करत निघून गेला.

*

त्यानंतर आम्ही निंबाखाली बसायचो, पण मध्ये चाचांना बसवून. सुमी मात्र रोज तिकडंच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला विठ्ठलराव बाजारात दिसेनासा झाला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाच दिवस! घरी जाऊन बघायची माझी छाती होत नव्हती. मी चाचांना म्हणालो, "पडला असंल पेटीपुढं गारव्यात. बाजारातली झळ आता कायले सोसते त्याले?"

चाचा नुसते खाकरले.

सहाव्या दिवशी दुपारी माझं डोकं तापलं. ठरवलं, बस झालं. पोरगी माझी आहे. घोळणा फुटला तर फुटला, रक्त पुसायला मी समर्थ आहे. आजपासून सुमी आपल्या घरी. समोरून गेलो तर गोदाबाई चहा देईल आणि माझा राग विरघळेल, म्हणून मागच्या गल्लीतून गेलो, पेटी होती त्या बाजूनं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पश्चिमेची भिंत तापून नुसत्या वाफा टाकत होती. आणि दांडा फिरवत होता विठ्ठलराव!

डोक्यावर ओला पंचा, अंगात बंडी, तोंड काळंठिक्कर पडलेलं. दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. मला बघून त्यानं आधी ओठांवर बोट ठेवलं.

"हयू बोल. पोरगी झोपली हाय."

"गणपत कुठं हाय?"

"आखाजीले गावी गेला. भावाचं लगन हाय, आठ रोज येत नाई."

"मंग दुसरा गडी पाहाचा!"

"कोन येते या उन्हात? आन् परवा घटकाभर थांबवली त लगेच रक्त आलं तिले. तुले नाई सांगतलं तिनं?"

नव्हतं सांगितलं. मी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. फरशीवर सुमी झोपली होती, एक हात गालाखाली. तिच्या कपाळावरचे केस त्या हवेनं हलत होते.

मी दांड्याला हात घातला. "सरक."

"जा बे."

"माही पोरगी हाय ते!"

"पोरगी तुही असंल," तो म्हणाला, "पेटी माही हाय."

त्यानं दांडा सोडला नाही. मीही नाही. दोन बाजूंनी दोघं ओढू लागलो, आणि चाक थांबलं. आत चुळबुळ झाली. सुमीचा झोपाळू आवाज आला.

"काका, हवा काऊन थांबली?"

विठ्ठलरावानं माझ्याकडं पाहिलं. मग दांडा सोडला आणि खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "मी नाई वं, तुहा बाप हाय इथं. सकायपासून तोच फिरवून राह्यला. घटकाभर दम खाऊ दे त्याले."

"बाबा फिरवून राह्यले?" सुमी म्हणाली. "म्हनूनच! म्हनूनच आज रोजच्यापेक्षा गार हाय!"

विठ्ठलरावानं तळहातांची फडकी सोडून माझ्या हातांना बांधली, बादली उचलली, आणि पन्हळीत पाणी ओतायला गेला.